टार्गेट शूटिंगसाठी पिस्तूल आणि छर्रे-काडतुसं: तुलना कोणत्या क्रमाने करायची

रेंजवर नवीन आलेला नेमबाज, किंवा त्याच्याबरोबर आलेले आईवडील, पहिला प्रश्न ब्रँडचा विचारतात. स्टायर घ्यायचं की मोरिनी, वाल्थर की पार्दिनी? त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो, छर्रे कोणते? बहुतेक वेळा हे दोन्ही प्रश्न फार लवकर विचारलेले असतात. हातात पिस्तूल नीट बसलेलं नसताना छर्ऱ्यांचे पाच डबे मागवले जातात. पाच गोळ्यांचा एक ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पुंजका, चांगला पडला की त्याच काडतुसांच्या अख्ख्या पेटीची ऑर्डर जाते. दोन महिन्यांनी स्कोअर तिथल्या तिथे असतो आणि मग पिस्तूल बदलायची भाषा सुरू होते.

तुलनेचा क्रम असा असायला हवा: आधी स्पर्धेचा प्रकार, मग ग्रिप, मग ट्रिगर, मग यंत्राची तपासणी आणि सगळ्यात शेवटी छर्रे किंवा काडतुसं. इथे १० मीटर एअर पिस्तूल (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं) आणि २५ मीटरचं .२२ स्पोर्ट्स पिस्तूल (काडतुसांवर चालणारं) हे दोनच प्रकार घेतले आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांचा प्रवास पहिल्याकडून दुसऱ्याकडे होतो.

सुरू करण्याआधी

तुलना करताना पिस्तुलं या हातातून त्या हातात जातात, आणि गाफीलपणा नेमका तेव्हाच होतो. नळी कायम निशाणाच्या दिशेला. बोट ट्रिगरपासून दूर. पिस्तूल देणारा आणि घेणारा, दोघांनीही चेंबर, म्हणजे गोळी बसते तो भाग, उघडून पाहायचं. टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पिस्तुलात रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामं असल्याची खूण, हवाच. एअर पिस्तूल आहे म्हणून यातली एकही गोष्ट सैल करू नका.

## पायरी १: प्रकार ठरवा, नियमांची मापं समोर ठेवा

पिस्तूल कितीही आवडलं तरी ते स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलमधून, म्हणजे साहित्याच्या तपासणीतून, पास व्हायला हवं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांतली मुख्य मापं अशी:

- १० मीटर एअर पिस्तूल: कॅलिबर ४.५ मिमी, वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे.
- २५ मीटर पिस्तूल: कॅलिबर ५.६ मिमी, म्हणजे .२२ लाँग रायफल. वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, पेटी ३०० × १५० × ५० मिमी, नळीची लांबी जास्तीत जास्त १५३ मिमी.

निशाणाची मापंही लक्षात असू द्या, कारण पुढचे सगळे हिशोब त्यांच्यावर आहेत. १० मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं. छर्ऱ्याची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो, त्यामुळे छर्ऱ्याचं केंद्र निशाणाच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडलं की १०. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन (सावकाश नेम धरायच्या) निशाणावर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं आणि रॅपिडच्या (झटपट मारायच्या) निशाणावर १०० मिमीचं असतं. हा फरक मोठा आहे. एअर पिस्तुलात छर्ऱ्याच्या अचूकतेला जितकं महत्त्व आहे, तितकं .२२ मध्ये काडतुसाच्या अचूकतेला नाही. तिथे काडतूस न अडकता चालणं जास्त मोलाचं.

तपासा: विकणाऱ्याचं "मॅच पिस्तूल आहे" हे वाक्य पुरेसं धरू नका. वजन काट्यावर करा, लांबी टेपने मोजा. ग्रिप बदलली किंवा वजनाचे तुकडे लावले की पुन्हा मोजा.

## पायरी २: कागदपत्रं

.२२ पिस्तुलाला आर्म्स अॅक्ट १९५९ खाली परवाना लागतो, आणि काडतुसं किती घेता येतील, किती जवळ ठेवता येतील हे परवान्यावर लिहिलेलं असतं. पाच-सहा ब्रँडची काडतुसं "फक्त ट्रायलसाठी" मागवण्याआधी हा आकडा बघा. चाचणीची काडतुसंही त्याच हिशोबात धरली जातात. स्पर्धेत वापरली जाणारी ४.५ मिमीची एअर पिस्तुलं २० ज्यूलच्या मर्यादेच्या खूप खाली असतात, त्यामुळे त्यांना परवाना लागत नाही. मात्र दुकानदार ओळखपत्राची प्रत घेऊन नोंद ठेवतो. बिल जपून ठेवा, प्रवासात आणि सेकंडहँड विक्रीत तेच कामाला येतं.

सावध: दुसऱ्याच्या परवान्यावरचं .२२ "जरा चालवून बघतो" म्हणून परस्पर उचलू नका. क्लबची परवानगी, क्लबचे लेखी नियम आणि कोच समोर असल्याशिवाय हे करायचंच नाही. बालेवाडी असो, वरळी असो की जिल्ह्याची छोटी रेंज.

## पायरी ३: ग्रिप आणि पकड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महागातलं पिस्तूल चुकीच्या ग्रिपमध्ये मधल्या दर्जाच्या पिस्तुलापेक्षा वाईट चालतं.

१. साइज. ग्रिप साधारण एस, एम, एल अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगळी मिळते. पकडल्यावर अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या वरच्या खाचेत घट्ट बसली पाहिजे. तिथे फट राहत असेल तर ग्रिप मोठी आहे. खालची तळहाताची पट्टी हाताच्या कडेला हलकी टेकावी. पट्टी आवळून हात करकचून धरायची सवय लावू नका, पाचव्या सिरीजपर्यंत (एअर पिस्तुलात एक सिरीज दहा गोळ्यांची) बोटं थरथरू लागतात.

२. ट्रिगरचं बोट. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर, आणि बोटाची बाकीची लांबी ग्रिपच्या लाकडापासून सुटी. मध्ये कागद सरकेल इतकी फट हवी. बोट लाकडाला घासत असेल तर प्रत्येक दाबात नळी बाजूला ढकलली जाते. ट्रिगरचं पातं मागेपुढे सरकवता येतं, त्यामुळे ग्रिप बदलण्याआधी ते करून बघा.

३. डोळे मिटून चाचणी. ही चाचणी सगळे ऐकतात आणि फार थोडे करतात. रिकामं पिस्तूल घेऊन नेहमीच्या स्टान्समध्ये उभे राहा. डोळे मिटा, हात वर न्या, थांबा, मग डोळे उघडा. फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची) रिअर साइटच्या (मागच्या) खाचेत मध्ये आणि समपातळीत दिसली पाहिजे. दरवेळी ती उजवीकडेच दिसत असेल तर ग्रिपचा फिरकीचा कोन तुमच्या हाताला जुळत नाही. दरवेळी वर किंवा खाली दिसत असेल तर ग्रिपचा पुढे-मागे झुकाव जुळत नाही. बहुतेक मॅच पिस्तुलांत हे दोन्ही कोन बदलता येतात. एकदा करून निकाल लावू नका. दोन पिस्तुलांची तुलना असेल तर आलटून पालटून करा, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या हाताने पुन्हा. साइट जिच्यात आपोआप जागेवर येते ती ग्रिप निवडा. मनगट वळवून जी जागेवर आणावी लागते ती साठ गोळ्या टिकत नाही.

४. तोल. नळीकडे जड पिस्तूल स्थिर वाटतं, पण खांदा लवकर दमवतं. शोरूममध्ये तीनदा उचलून हे कळत नाही. स्पर्धेत ६० गोळ्या सव्वा तासात मारायच्या असतात आणि त्याआधी सरावाच्या गोळ्याही असतात. म्हणून किमान तीस वेळा, मध्ये नेहमीचा विराम घेत, पिस्तूल वर न्या आणि शेवटच्या दहा वेळा फ्रंट साइट किती भटकते ते पाहा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी आखूड, हलकं मॉडेल घ्या. "पुढे वाढेल तेव्हा चालेल" म्हणून जड पिस्तूल दिलं की मूल कंबर मागे काढून उभं राहायला शिकतं, आणि ती सवय मोडायला फार काळ लागतो.

सावध: ट्रायलच्या काळात ग्रिपवर कानस चालवू नका, पुट्टीही लावू नका. विकत घेतल्यावर, आणि तेही कोचला दाखवून, थोडंथोडं. मनगटाला आधार मिळेल असा कोणताही बदल नियमात बसत नाही.

## पायरी ४: ट्रिगर

ट्रिगर हलका म्हणजे चांगला, हा समज सोडा. किमान वजन सगळ्यांना सारखंच पाळायचं आहे. तुलना करायची ती त्या वजनात ट्रिगर किती स्वच्छ सुटतो याची. पहिला टप्पा एकसारखा सरकतो का, दुसऱ्या टप्प्याची भिंत स्पष्ट लागते का, सुटताना मध्ये खरखर किंवा लांबण आहे का, सुटल्यावर बोट लगेच थांबतं का.

दोन्ही पिस्तुलांचे ट्रिगर आधी एकाच वजनाला लावा. एक ५०० वर आणि दुसरं ६५० वर असेल तर हलकंच आवडणार, आणि तुम्हाला वाटेल ते पिस्तूलच चांगलं आहे. मोजायला टेस्ट वेट वापरा: नळी उभी आकाशाकडे, वजन ट्रिगरच्या मधोमध टांगलेलं, हळूच सरळ उचलायचं. काटेकोर ५०० वर ठेवू नका. थोडं वर, ५१०-५२० वर ठेवलं तर तपासणीच्या टेबलावर छातीत धडधड होत नाही.

मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार एकसारखा सुटतो, पण बॅटरी आणि सर्किट सांभाळावं लागतं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १० मीटर पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. जवळपास दुरुस्ती करणारा कुणी नसेल तर पहिलं पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचंच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासा: ड्राय फायरिंगची, म्हणजे गोळी न घालता ट्रिगर दाबून सराव करायची, सोय आहे का? एअर पिस्तुलात ती बहुधा असतेच. .२२ मात्र रिमफायर असतं, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. डमी किंवा ड्राय फायर यंत्रणा नसताना रिकामं चालवलं तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोघांचं नुकसान होतं.

## पायरी ५: यंत्राची तपासणी, सेकंडहँड असेल तर दुप्पट

एअर पिस्तुलात आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. सिलिंडर जास्तीत जास्त दहा वर्षं वापरता येतो. पिस्तूल स्वस्त आणि दोन्ही सिलिंडर मुदत संपलेले, असा सौदा पुष्कळदा समोर येतो, तेव्हा नव्या सिलिंडरची किंमत मिळवून मगच तुलना करा. सिलिंडर २०० बारला भरून पिस्तुलाला लावा, गेजचा फोटो घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर सील गळतंय.

हँडपंपाने भरत असाल तर फिल्टर हवाच. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या हवेबरोबर पाणीही सिलिंडरमध्ये जातं. जोडांना साधं तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. दाबाखालच्या हवेत ते धोकादायक ठरतं. कंपनीने सांगितलेलं सिलिकोन ग्रीसच वापरा.

.२२ मध्ये एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं खोळ ओढून काढणाऱ्या भागाची) नखी, मॅगझिनचे ओठ आणि रिकॉइल स्प्रिंग बघा. शक्य असेल तर सोबत येणारी सगळी मॅगझिन्स चालवून पाहा. बहुतेक वेळा पिस्तुलाला दोष दिला जातो आणि चूक एका वाकलेल्या मॅगझिनची निघते.

## पायरी ६: छर्रे

इथपर्यंत पिस्तूल ठरलेलं असलं पाहिजे. पिस्तूल आणि छर्रे दोन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

१. प्रकार. निशाणबाजीला चपट्या डोक्याचे वॅडकटर छर्रेच. कागदावर भोक स्वच्छ, गोल पडतं. टोकदार किंवा घुमट डोक्याचे इथे कामाचे नाहीत. पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ते ०.५ ग्रॅमचे हलके मॅच छर्रे घ्या. ०.५३ ग्रॅमचे मुख्यतः रायफलवाले वापरतात.

२. डोक्याचं माप. डब्यावर ४.४९ किंवा ४.५० असं लिहिलेलं असतं. दोघांतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे, आणि कोणतं माप चालेल हे तुमची नळी ठरवते. मित्राच्या पिस्तुलात ४.५० चालतात म्हणून तुमच्यात चालतीलच असं नाही, मॉडेल तेच असलं तरी.

३. लॉट नंबर. लॉट म्हणजे कारखान्यातून एका वेळी निघालेली खेप. एकाच ब्रँडचे, एकाच मापाचे दोन लॉट वेगळे वागू शकतात. डब्यामागच्या स्टिकरचा फोटो चाचणीच्या नोंदीबरोबर ठेवा.

४. हाताळणी. छर्रे मऊ कापडावर अलगद ओता. ज्याचा मागचा घेर चेपलेला किंवा कड दुमडलेली असेल तो बाजूला काढा. पांढरी भुकटी धरलेला डबा सरावातही नको, ते शिशाचं ऑक्सिडेशन आहे. काट्यावर एकेक छर्रा तोलत बसणं मला पिस्तूल नेमबाजाच्या वेळेचा अपव्यय वाटतो. तो वेळ ड्राय फायरिंगला द्या.

५. चाचणी. क्लॅम्प मिळाला तर उत्तम. नसेल तर टेबलावर बसून दोन्ही मनगटं वाळूच्या पिशवीवर टेकवा. नळी किंवा सिलिंडर पिशवीला टेकता कामा नये. दर वेळी छर्रे बदलल्यावर पहिले चार-पाच मोजू नका, मग दहा-दहाचे ग्रुप घ्या. मित्राला डब्यांवर फक्त अ, ब, क अशी चिठ्ठी लावायला सांगा. महागडा डबा कोणता हे माहीत असलं की हात आपोआप जास्त काळजी घेतो.

सावध: हाताने उभं राहून घेतलेल्या ग्रुपवरून छर्रे निवडू नका. त्यात तुमचा हात मोजला जातो.

## पायरी ७: .२२ काडतुसं

इथला क्रम उलटा आहे. आधी काडतूस न अडकता चालतं का ते बघा, मग ते हातात कसं वाटतं, आणि ग्रुप शेवटी.

१. वेग. मॅच पिस्तुलाच्या स्प्रिंगा स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसांसाठी बसवलेल्या असतात. 'हाय व्हेलॉसिटी' किंवा 'हायपर' लिहिलेली काडतुसं घालू नका. झटका वाढतो, भाग लवकर झिजतात आणि स्कोअरमध्ये काहीच मिळत नाही. बुलेट शिशाची हवी. नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, स्टँडर्ड काडतुसं बहुतेकांना पुरतात.

२. शंभराची चाचणी. प्रत्येक ब्रँडची १०० काडतुसं, सगळी मॅगझिन्स फिरवून, पाच-पाचच्या रॅपिड सिरीजच्या लयीत. अडकलं की नोंद करा: पेटलं नाही, रिकामं खोळ बाहेर पडलं नाही, की पुढचं वर आलं नाही. तिन्हींची कारणं वेगळी असतात. रॅपिडमध्ये ३ सेकंदांत हात वर आणून एक गोळी मारायची असते, आणि बिघाडाची सूट ठरावीक मर्यादेतच मिळते. शंभरात दोनदा अडकणारं काडतूस ग्रुप कितीही सुंदर देत असलं तरी बाद.

३. झटका. गोळी सुटल्यावर साइट जागेवर परत येते, की दर वेळी वेगळ्या जागी थांबते? हे फक्त तुम्हालाच कळतं, आणि रॅपिडसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

४. ग्रुप. ब्रँड बदलला की नळीतला मेणाचा थरही बदलतो. पहिली दहा-पंधरा काडतुसं न मोजता मारा. एका मॅगझिनमध्ये दोन ब्रँड कधीच मिसळू नका.

सावध: चाप ओढला आणि काडतूस पेटलं नाही, तर नळी निशाणाकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा, मग काढा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मारू नका. पिस्तूल रिकामं करा, रेंज ऑफिसरला बोलवा आणि सळई घालून नळी मोकळी आहे का ते बघा. बुलेट आत अडकलेली असताना दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फुटते.

## पायरी ८: आकडे वाचणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पाच गोळ्यांचा एक ग्रुप काहीच सांगत नाही. तेच पिस्तूल, तीच काडतुसं, तोच हात, तरी लागोपाठचे दोन ग्रुप एकमेकांच्या दुप्पट येऊ शकतात.

प्रत्येक प्रकाराचे किमान पाच ग्रुप घ्या आणि सरासरी काढा. क्रम अ-ब-ब-अ असा ठेवा. आधी अ चे सगळे आणि मग ब चे सगळे घेतले तर ब च्या वाट्याला दमलेला हात आणि मळलेली नळी येते. पाचचा ग्रुप दहाच्या ग्रुपशी ताडून पाहू नका, गोळ्या वाढल्या की ग्रुप आपोआप रुंदावतो. आणि दूर गेलेली गोळी "ती माझी चूक" म्हणून वगळू नका. निशाण बघण्याआधी ती वाईट सुटली असं मोठ्याने म्हटलं असेल, तरच वगळा.

समजा २५ मीटरवर अ चे ग्रुप आले १९, २७, २२, ३१, २१ मिमी. सरासरी २४. ब चे २४, २०, २९, २३, ३४. सरासरी २६. इथे अ जिंकलं असं म्हणता येणार नाही. अ च्या स्वतःच्याच ग्रुपमध्ये १२ मिमीचा चढउतार आहे, त्यात २ मिमीचा फरक बुडून जातो. दोन्ही सारखी धरा आणि जे अडकत नाही, नियमित मिळतं, परवडतं ते घ्या.

आता तुमचा हात हिशोबात घ्या. हाताचा फैलाव आणि छर्ऱ्याचा फैलाव यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावं लागतं. १० मीटरवर हाताचा ग्रुप ३० मिमीचा असेल आणि छर्रे ८ मिमीचे, तर एकूण सुमारे ३१ मिमी. महागडे ६ मिमीचे छर्रे घेतले तरी सुमारे ३०.६. म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर. हाच हिशोब १२ मिमीचा हात असलेल्या नेमबाजासाठी केला तर १४.४ वरून १३.४, पूर्ण एक मिलिमीटर. त्याला गुणांच्या दशांशात फायदा दिसेल, म्हणून त्याने लॉट निवडण्यावर खर्च करावा. पहिल्या नेमबाजाने तेच पैसे रेंज फी आणि कोचिंगवर घालावेत. तुमचा हात कुठे आहे हे गेल्या दोन महिन्यांच्या सरावाच्या निशाणांवर मोजा. सर्वोत्तम दिवसाचं निशाण घेऊन मोजू नका.

## पायरी ९: खरेदी आणि साठवण

लॉट पसंत पडला की लगेच त्याच लॉटचे डबे राखून ठेवायला सांगा, आठवड्याने तो संपलेला असतो. एका हंगामाला पुरेल इतकंच घ्या, आणि .२२ असेल तर परवान्यावरच्या मर्यादेतच. डबे हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, मुलांच्या हाताला न लागतील असे कुलपात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवू नका. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडून खायला बसू नका, शिसं पोटात जातं.

सरावाला वेगळे आणि स्पर्धेला वेगळे छर्रे वापरत असाल तर दोन्हींचा झीरो, म्हणजे गोळी नेमक्या जागी पडेल अशी साइटची मांडणी, वेगळा पडू शकतो. साइट किती क्लिक फिरवायची, कोणत्या बाजूला, हे पिस्तुलाच्या पेटीतल्या कार्डावर लिहून ठेवा आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात फक्त स्पर्धेचेच छर्रे चालवा.

पुन्हा चाचणी लागते ती नवा लॉट आल्यावर, नळी किंवा स्प्रिंग बदलल्यावर, किंवा एअर पिस्तूल सर्व्हिसिंगहून परत आल्यावर. स्कोअर पडला एवढ्यावरून चाचणीला बसू नका, आधी ट्रिगरचं वजन आणि साइटचे स्क्रू बघा. चाचणीसाठी जुन्या चांगल्या लॉटचे शंभरेक छर्रे वेगळ्या डबीत, लॉट नंबर लिहून, राखून ठेवा. नव्या लॉटचे ग्रुप त्यांच्याशीच, त्याच दिवशी, त्याच टेबलावर ताडून पाहायचे असतात.